टूडी एकोसाठी गणपतीपर्यंत का थांबायचं?

ज्येष्ठ महिना. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, मासेमारी बंद, आणि देवगडच्या बाजूला असलेल्या माझ्या दवाखान्यात मासळी विकणाऱ्या एक काकी सुनेला घेऊन आल्या. वय पासष्टच्या आसपास. बाकावर बसल्या त्या पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. एक वाक्य पुरं करायला दोनदा श्वास घ्यावा लागत होता. "डॉक्टरानू, आडवी झालंय काय जीव घुसमटता. रात्र बसानच काढतंय."

पिशवीत दम्याचा पंप होता, खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या होत्या आणि मागच्या आठवड्यात कुठेतरी "अशक्तपणा आहे" म्हणून लावलेल्या सलाईनचा कागद होता. घोट्याच्या वर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तो भरून यायला बराच वेळ लागला. मी सुनेला म्हटलं, हृदयाची सोनोग्राफी करूया, टूडी एको. ती म्हणाली, "ह्ये गणपतीक येतले, मगे कोल्हापुराक जावन करूया."

गणपतीला जवळजवळ तीन महिने होते.

हे वाक्य मी वर्षभर ऐकते, फक्त सण बदलतो. कधी गणपती, कधी शिमगा, कधी मे महिना. एको म्हणजे मोठी तपासणी, ती मोठ्या शहरात होणार, करूळ घाट चढून जाण्यात एक दिवस मोडणार आणि निर्णय मुंबईचा मुलगा घेणार, असं घरात ठरलेलं असतं. प्रत्यक्षात ही तपासणी सुईशिवाय होते, उपाशी राहावं लागत नाही, त्यात क्ष-किरण नसतात. ती घराजवळ, पहिल्याच टप्प्यावर व्हायला हवी असं मला का वाटतं, ते नीट सांगते.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे "हार्ट फेल झालं" म्हणजे माणूस गेला. त्यामुळे डॉक्टरांनी कागदावर "हार्ट फेल्युअर" लिहिलं की घरातले एकमेकांकडे बघत राहतात. या आजारात हृदय बंद पडलेलं नसतं. चालू असतं, पण अंगाला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलताना कमी पडतं. विहिरीवरचा पंप कमजोर झाल्यासारखं. पुढे पाणी पोचत नाही आणि मागे तुंबतं. डाव्या बाजूच्या मागे फुप्फुसं आहेत, तिथे तुंबलं की धाप लागते. आडवं झाल्यावर पायांतलं पाणीही छातीकडे येतं, म्हणून माणूस उठून बसतो, उशा वाढवतो. उजव्या बाजूच्या मागे बाकीचं सगळं अंग. तिथे तुंबलं की पाय सुजतात, पोट फुगतं, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं.

यात मूत्रपिंडाची गफलत होते. त्याच्यापर्यंत रक्त कमी पोचतं, त्याला वाटतं अंगात पाणीच कमी आहे, आणि ते मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं. अशा माणसाला सलाईन लावणं किती धोक्याचं आहे बघा. साध्या सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी खा म्हणते. म्हणजे जवळजवळ दिवसभराचं मीठ तासा-दोन तासांत थेट शिरेत. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला हीच बाटली जीवदान देते, याबद्दल वाद नाही. पण धाप आणि सूज असलेल्याला "शक्तीसाठी" ती लावणं म्हणजे आधीच पाणी भरलेल्या होडीत आणखी बादल्या ओतणं आहे. ही बाटली मागून घेणारे पेशंट आणि मागितली म्हणून लावणारे दवाखाने, दोघांनाही मी हात जोडून सांगते, हे थांबवा.

आणि पावसाळ्यात ताजी मासळी नसते तेव्हा ताटात काय असतं? सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, वर आगळाची कढी. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, मिठातच टिकतं. सुजलेले पाय घेऊन जून-जुलैत कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, या आठवड्यात सुकं किती वेळा झालं?

मग एवढ्यावरून निदान का होत नाही? कारण या खुणांचे मालक अनेक आहेत. धाप दम्याची असते, चुलीच्या धुराने खराब झालेल्या फुप्फुसांची असते, अंगात रक्त कमी असल्याची असते, वाढलेल्या वजनाची असते. सूज मूत्रपिंडाची असते, पायांतल्या शिरांची असते, रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिन या गोळीनेही येते. मी इतकी वर्षं स्टेथोस्कोप वापरते, तरी नुसत्या त्याच्या भरवशावर हो किंवा नाही म्हणताना मी चुकले आहे. दम्याचा पंप ओढत महिने काढलेली, आणि मूळ दुखणं हृदयाचं निघालेली माणसं मी पाहिली आहेत. उलटंही पाहिलं आहे.

छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, पहिल्या दिवशीच काढावी. ती अगदी स्वच्छ असेल तर पंप फार कमजोर असण्याची शक्यता कमी होते. एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ताची एक तपासणी आहे. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की हा पदार्थ रक्तात वाढतो. चालत-फिरत दवाखान्यात आलेल्या माणसात आकडा १२५ च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता बरीच मावळते. वाढलेला असेल तर मात्र एवढ्यावर निदान पक्कं होत नाही, कारण वय, मूत्रपिंडाचे विकार, ठोक्यांची अनियमितता यांनीही तो वाढतो, आणि जाड माणसात खोटा कमी दिसू शकतो. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांसाठीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेत या आकड्यावर घड्याळ लावलेलं आहे. आकडा २००० च्या वर असेल तर दोन आठवड्यांच्या आत, ४०० ते २००० असेल तर सहा आठवड्यांच्या आत एको आणि तज्ज्ञाची तपासणी झाली पाहिजे. तिथे आठवडे मोजतात. आपण सण मोजतो.

आता खुद्द एको. बंदरावरच्या माणसाला तो समजावणं मला सगळ्यात सोपं जातं, कारण त्याच्या होडीवर फिश फाइंडर असतो. होडीच्या बुडाला लावलेल्या डबीतून आवाज खाली जातो, माशांच्या थव्याला किंवा तळाला आपटून परत येतो आणि यायला किती वेळ लागला त्यावरून पडद्यावर खोली उमटते. एको हेच करतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, आपल्या मऊ मांसातून १५४० मीटर. म्हणजे आवाजाच्या दृष्टीने आपलं शरीर जवळजवळ खारं पाणीच आहे. फरक आवाजाच्या बारीकपणाचा. फिश फाइंडरचा आवाज साधारण ५० किंवा २०० किलोहर्ट्झचा असतो. छातीत मिलिमीटरची झडप बघायची, म्हणून इथे दोन ते पाच मेगाहर्ट्झ लागतो. आपल्या कानांना २० किलोहर्ट्झच्या वरचं काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे तपासणी शांततेत चालते. पंधरा सेंटिमीटर आत जाऊन परत यायला त्या आवाजाला सेकंदाचा सुमारे पाच हजारावा भाग लागतो.

छातीवर तो गार चिकट जेल का लावतात, याचंही उत्तर होडीत आहे. फिश फाइंडरची डबी पाण्याबाहेर काढली तर पडदा कोरा होतो. हवा मध्ये आली की आवाज तिथूनच माघारी फिरतो. जेल प्रोब, म्हणजे छातीवर फिरवायची एकोची डबी, आणि कातडी यांच्यामधली हवा घालवतो. छातीत हवेने भरलेली फुप्फुसं हृदयावर आलेली असतात, म्हणून पेशंटला डाव्या कुशीवर वळवून डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगतात. हृदय छातीच्या भिंतीकडे सरकतं, बरगड्यांमधली फट मोठी होते आणि आत बघायला खिडकी मिळते.

या तंत्राची सुरुवातही गोदीशी जोडलेली आहे. स्वीडनमधल्या लुंड इथे १९५३ साली इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी गोदीतून उसनं आणलेलं आवाजाचं यंत्र छातीला लावून हृदयाच्या हालचाली टिपल्या. पुढे त्याला डॉप्लरची जोड मिळाली. कणकवली स्टेशनवरून न थांबता जाणाऱ्या गाडीचा हॉर्न येताना चढा आणि जाताना उतरलेला ऐकू येतो ना, तोच नियम. ख्रिस्तियन डॉप्लर यांनी तो १८४२ साली मांडला. रक्त प्रोबकडे येतंय की दूर चाललंय आणि किती वेगाने, ते यावरून कळतं. पडद्यावरचे लाल-निळे पट्टे म्हणजे फक्त दिशा. लाल म्हणजे शुद्ध आणि निळं म्हणजे अशुद्ध रक्त, हा समज चुकीचा आहे.

काकी डाव्या कुशीवर वळल्या. फार वेळ आडव्या राहू शकत नव्हत्या म्हणून पाठीशी उशांचा ढीग लावला. प्रोब छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला ठेवला आणि पडद्यावर हृदयाचा आडवा छेद आला. या छेदात मायट्रल झडपेच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दाराच्या, दोन पाकळ्या उघडतात-मिटतात त्या थेट माशाच्या तोंडासारख्या. वैद्यकाच्या पुस्तकातही त्याला माशाचं तोंडच म्हणतात. काकींची मान पडद्याकडे वळलेली होती. "ह्यां काय? माशासारख्या तोंड मारता तां?" मी म्हटलं, ती तुमची झडप. त्या बघतच राहिल्या.

झडप चांगली होती. लहानपणी घसा धरून, सांधे सुजून संधिवाताचा ताप आलेल्यांत हेच तोंड पुरतं उघडत नाही, आणि कित्येकदा ते पहिल्यांदा कळतं ते तरुण बाईला गरोदरपणात धाप लागते तेव्हा. काकींचं दुखणं दुसरीकडे होतं. डावा खालचा कप्पा फुगलेला होता आणि त्याच्या भिंती आत यायला हव्या तितक्या येत नव्हत्या. नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं.

इथे तो प्रसिद्ध आकडा येतो, ईएफ. कप्पा पूर्ण भरल्यावर त्यात किती रक्त आहे आणि एका ठोक्यात त्यातलं किती बाहेर गेलं, त्याची टक्केवारी. समजा १२० मिलिलिटर भरलं आणि ७० बाहेर गेलं तर ईएफ ५८. हा आकडा उत्तम आहे. कुणाचंही हृदय १०० टक्के रिकामं होत नाही. "माझं हार्ट साठच टक्के चालतंय" म्हणून रात्रभर न झोपलेले लोक माझ्याकडे येतात, म्हणून हे ठळकपणे सांगते. साधारण ५५ ते ७० ही निरोगी हृदयाची पट्टी. हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये ४० किंवा त्याखाली म्हणजे पंप कमजोर, ४१ ते ४९ मधला गट. काकींच्या कप्प्यात १९० भरत होतं आणि ५७ बाहेर पडत होतं. ईएफ ३०.

पण ईएफ चांगला म्हणजे हार्ट फेल्युअर नाही, असंही समजू नका. वर्षानुवर्षं रक्तदाब आणि साखर वाढलेली असेल तर हृदयाच्या भिंती कडक होतात. आकुंचन ठीक, पण सैल पडून भरायचं काम बिघडतं, आणि मागे तुंबतं ते तुंबतंच. ५० च्या वर ईएफ असलेला हा प्रकार ओळखायला वरच्या कप्प्याचा आकार, डॉप्लरचे वेग असं बरंच बघावं लागतं. छोट्या यंत्राने घाईत केलेल्या तपासणीत तो निसटू शकतो. तशीच दुसरी मर्यादा, जी रोज समजावावी लागते. एकोमध्ये ब्लॉकेज दिसत नाहीत. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तुंबल्या आहेत का, ते अँजिओग्राफीत कळतं. एको नॉर्मल आला म्हणून छातीतल्या कळेकडे दुर्लक्ष करायचं नाही.

पहिल्या टप्प्यावर एकोने मोजक्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे. पंप कमजोर आहे का, कप्पे फुगलेत का, एखादी झडप ढोबळपणे बिघडली आहे का, हृदयाभोवती पाणी आहे का. एवढ्याला पाच-दहा मिनिटं पुरतात. बारीकसारीक सगळं मोजणारा पूर्ण एको अर्धा-पाऊण तास घेतो आणि तो हृदयरोगतज्ज्ञाकडे नंतर होऊ शकतो. आता खिशात मावणारे प्रोब आले आहेत, ते फोनला जोडता येतात. प्रोब कुठे आणि किती वळवायचा ते पडद्यावर सांगणाऱ्या संगणकप्रणालीही आल्या आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, आधी कधीही एको न केलेल्या आठ परिचारिकांनी अशा प्रणालीच्या मदतीने २४० जणांची तपासणी केली, आणि जवळजवळ ९९ टक्के जणांत डाव्या कप्प्याचा आकार आणि काम ठरवता येईल अशी चित्रं मिळाली. चित्रांचा अर्थ मात्र तज्ज्ञांनीच लावला. चित्र गावात काढायचं आणि ते वाचणारा डोळा शहरात ठेवायचा, हे मला आपल्या भागासाठी फार मोलाचं वाटतं. काकींच्या एकोच्या क्लिप मीही कोल्हापूरच्या एका हृदयरोगतज्ज्ञांना त्याच संध्याकाळी दाखवल्या.

मग हे प्रोब प्रत्येक आरोग्य केंद्रात का नाहीत? पैसा आणि प्रशिक्षण ही कारणं आहेतच, पण आपल्या देशात एक वेगळं कारण आहे आणि ते गंभीर आहे. ज्या यंत्राने छातीत बघता येतं त्यानेच पोटातला गर्भही दिसू शकतो. गर्भलिंगनिदानावर बंदी आणणारा पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, देशभराचा १९९४ साली आला. म्हणून गर्भ दिसू शकेल असं कुठलंही सोनोग्राफी यंत्र नोंदणीशिवाय विकता, ठेवता किंवा वापरता येत नाही, आणि हातात मावणाऱ्या यंत्रांवर तर जास्त कडक नियम आहेत. हे नियम सैल करा असं मी म्हणणार नाही. मुलींचे जीव गेले म्हणून ते आले. पण नोंदणी झालेलं यंत्र आणि शिकलेला डॉक्टर ठरलेल्या वारी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असेल, त्या दिवशी आसपासच्या आरोग्य केंद्रांतले धाप-सूज असलेले पेशंट चिठ्ठी घेऊन येतील, हे नियम पाळूनच करता येतं. डोंगराळ भागात एका आरोग्य केंद्राच्या वाट्याला साधारण २० हजार लोकसंख्या धरलेली असते. आठवड्यातला एक दिवस पुष्कळ झाला.

आणि हृदयाचं काम आरोग्य केंद्रात होत नसतं, असं कोकणात तरी कुणी म्हणू नये. लाल विंचू चावल्यावर माणूस दगावतो तो हृदय थकून आणि फुप्फुसांत पाणी भरून, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पेशंटच्या उशाशी बसून टिपलं. त्यांची निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने त्यांनी असंख्य जीव वाचवले. त्या केंद्रात तेव्हा एको नव्हता. तिथला डॉक्टर हृदयाचा विचार करत होता.

निदान लवकर हवं ते कशासाठी, तर उपचार त्यावर ठरतात. ईएफ कमी निघाला की चार गटांतली औषधं सुरू होतात. एक रक्तवाहिन्या सैल करणारं, एक ठोके आवरणारं बीटा-ब्लॉकर, एक स्पायरोनोलॅक्टोनसारखं आणि एक डापाग्लिफ्लोझिनसारखं, जे मुळात साखरेसाठी निघालं पण साखर नसलेल्यालाही उपयोगी पडतं. या शेवटच्याचं पेटंट भारतात २०२० साली संपलं, तेव्हापासून ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. सूज उतरवायला लघवीची गोळी. ही सगळी कमी मात्रेत सुरू करून, रक्तदाब, पोटॅशियम आणि मूत्रपिंड तपासत वाढवावी लागतात. म्हणजे दर दोन-तीन आठवड्यांनी भेट. कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला दर दोन आठवड्यांनी कोण जाणार? हेही जवळच व्हायला हवं.

इथे दोन गोष्टी जपायच्या. आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी आणतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि यातली काही औषधंही पोटॅशियम वाढवतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज शहाळं नको. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत, त्यातल्या बहुतेक अंगात पाणी धरून ठेवतात. बसल्या जागी धाप लागत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा खोकल्यातून गुलाबी फेस येत असेल तर एकोचा विचारही करायचा नाही. थेट १०८.

तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली हार्ट फेल्युअरच्या १२०५ पेशंटची नोंद झाली, त्यांचं सरासरी वय ६१ होतं. म्हातारपणी धाप लागायचीच, असं म्हणून सोडून देण्याचं हे वय नाही.

काकींना मी रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी वजन करायला सांगितलं होतं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणीच, लगेच यायचं. घरात काटा नव्हता. सुनेने उपाय शोधला. मासळीचा लिलाव होतो तिथला काटा. बंदर बंद असलं तरी काटा चालू होता. सकाळी सातला काकी जाऊन त्यावर उभ्या राहायच्या. सून वहीत आकडा लिहायची आणि तिने आपल्याच मनाने शेजारी दुसरा रकाना आखला होता, "उशो". पहिल्या पानावर ५८.२ आणि तीन. दहा दिवसांनी ५३.६ आणि दोन. श्रावण लागायच्या आधी एक.

चांगली औषधं तीन महिने घेतल्यावर एको पुन्हा करून बघतात. ते तीन महिने बरोबर गणपतीत भरले. मुलगा मुंबईहून आला होता, तोच आईला घेऊन आला आणि पडद्यासमोर उभा राहिला. काकी एका उशीवर निवांत आडव्या झाल्या. कप्पा थोडा लहान झाला होता. ईएफ ४२. माशाचं तोंड दिसलं तसं त्यांनी मुलाचा हात ओढला आणि पडद्याकडे बोट केलं. "बघ. तां माजा."